पिंजरेबुवांची बंद खोली

“पडला! पक्षी पडला!”

दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या शेजारणीनं आरोळी ठोकली आणि ती आरोळी तोंडातोंडी जिना उतरत पार रस्त्यावर पोचली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. दिवाणखान्यात माणसं, स्वयंपाकघरात माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, आणि आतल्या बंद खोलीत एकटी वहिनी.

वहिनी हे काही तिचं नाव नव्हे. नणंद वहिनी म्हणायची म्हणून शेजारीपाजारी म्हणू लागले, आणि मग तिच्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकाही. तिचं शिलाई मशीन याच खोलीत असायचं. आज ते भिंतीला सरकवून तिला मधोमध स्टुलावर बसवलं होतं. शेजारी पिंजरा टांगलेला. त्यातलं पिवळं पाखरू मघापर्यंत टुणटुण उड्या मारत होतं, ते आता पाय वर करून तळाला पडलं होतं. पलीकडे न्हाणीघरात गरम पाण्याची धार चालू होती. वहिनीच्या डोक्यात घण पडत होते.

दार उघडलं. पिंजरेबुवा आत आले. वहिनीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिंजरा उचलला, बाहेर गेले आणि दार पुन्हा ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला.

“बघा रे, बघा!” बुवांचा आवाज दारातून आत आला. “मेलेला म्हातारा सुनेचा जीव घ्यायला आला होता. मी पाखरू पुढं केलं! आता तो जीव मी त्याच्या नरड्यातून परत काढतो. काढू का?”

“काढा, महाराज, काढा!”

बुवा पिंजरा घेऊन जिन्याच्या मोठ्या खिडकीत गेले आणि फुंकर मारू लागले. त्या फुंकरीनं कपातला चहासुद्धा निवला नसता. पण थोड्या वेळानं पाखरू फडफडलं, उठून बसलं, आणि जिन्यावरच्या माणसांनी असा जल्लोष केला की जणू त्यांच्यापैकीच कुणीतरी मेलेलं उठलंय. त्यानंतर कुठं वहिनीची आठवण झाली. दार उघडलं तशी ती भिंतीला धरून बाहेर आली आणि मोरीत भडभडून ओकली.

“निघाला!” बुवा गरजले. “आता गॅलरीच्या काचा सताड उघड्या ठेवा. त्याला जायला वाट हवी.”

आणि खरंच, तिला बरं वाटलं.

घरात बुवांचा शब्द वेदवाक्य झाला तो तेव्हापासून. त्याआधीही त्यांनी सगळ्यांना गार केलंच होतं. पहिल्या भेटीत उंबऱ्यावरच त्यांनी विचारलं होतं, “त्रास याच खोलीत होतो ना? थंडी पडली की वाढतो ना? बाहेर फिरून आलं की उतरतो ना?” तिन्ही प्रश्नांना वहिनीची मान आपोआप हलली होती. न सांगता यांना कळलं कसं? सासूबाईंनी तर हातच जोडले. सासरे गेल्या थंडीत याच खोलीत झोपेत गेले होते. संध्याकाळी चांगले गप्पा मारत होते, सकाळी उठलेच नाहीत. म्हातारपण, असं सगळे म्हणाले. यंदा थंडी सुरू झाली आणि खोलीत बसून शिवता शिवता वहिनीचं डोकं दुखू लागलं, पोटात ढवळू लागलं. एकदा तर तिला सासऱ्यांच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसलं. ते तिनं नवऱ्याला सांगितलं, हीच तिची चूक. नवऱ्यानं बुवांना गाठलं.

पुढं थंडी कडक झाली. उघड्या काचांतून बोचरं वारं येई, म्हणून नवऱ्यानं त्या बंद केल्या. दोन दिवसांत वहिनीचं डोकं पुन्हा ठणकू लागलं.

“म्हातारा हट्टी दिसतो,” बुवा म्हणाले. “आणखी एक बैठक लागेल. तोवर सुनेनं घर सोडायचं नाही. सोडलं, तर तो तिच्या मागोमाग जाईल.”

“मी चार दिवस आईकडे जाऊन येते,” वहिनी म्हणाली.

“बघा, जायची घाई कुणाला झालीय!” बुवा नवऱ्याकडे वळून हसले. “ही नाही बोलत. हिच्या तोंडून तो बोलतोय.”

झालं! तेव्हापासून वहिनीचं कुठलंच बोलणं तिचं राहिलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली, तर तो बोलतोय. खिडकी उघडा म्हणाली, तर तो बोलतोय. गप्प बसली, तर तो दबा धरून बसलाय. नवरा वाईट नव्हता. रात्री तिच्या कपाळाला बाम लावायचा आणि सकाळी कामावर जाताना घराच्या किल्ल्या आईच्या हातात देऊन जायचा. वहिनी मशीनवर बसे, पण हातातलं काम हाताला ओळखीचं वाटेना. एकदा तिनं एका सदऱ्याची बाही खालच्या बाजूनं शिवून बंद करून टाकली. ती बाही हातात धरून ती बराच वेळ बसली. आपण खरंच धरले गेलो आहोत की काय, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

त्या दुपारी तिनं नणंदेला फोन केला. नणंद शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारायची, म्हणून सासूबाई तिला शंकेखोर म्हणायच्या.

सगळं ऐकून घेतल्यावर नणंदेनं विचारलं, “त्रास त्याच खोलीत होतो? थंडीत जास्त? बाहेर गेलीस की बरं वाटतं?”

वहिनी जवळजवळ ओरडलीच. “अगं, हेच प्रश्न बुवांनी विचारले होते! शब्दाला शब्द!”

“म्हणजे त्या माणसाला ठाऊक आहे,” नणंद म्हणाली. “वहिनी, आत्ता उठ. गिझर बंद कर, काचा उघड. मी येते.”

संध्याकाळी ती आली ती तळहाताएवढा पांढरा डबा घेऊनच. न्हाणीघरातला गॅसचा गिझर, त्याच्या धुराचा पाइप, गॅलरी, सगळीकडे ती फिरली आणि पाइपापाशी थबकली. मग तिनं आतल्या खोलीच्या भिंतीला तो डबा स्क्रूनं पक्का बसवला. न्हाणीघराच्या दारापासून दोन-तीन हात लांब, पडद्याआड नाही, खिडकीच्या वाऱ्यात नाही.

“हे काय नवीन?” सासूबाईंनी विचारलं.

“नाक आहे, आई. आपल्या नाकाला जे कळत नाही, ते याला कळतं. गॅस नीट जळला नाही की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. रंग नाही, वास नाही. रक्तात शिरला की आधी डोकं दुखतं, मळमळतं, भास होतात. मग माणूस झोपतो, तो उठत नाही.” तिनं बटण दाबलं. डबा असा किंचाळला की सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. “हा असा ओरडला की विचार करायचा नाही. सगळ्यांनी बाहेर. उद्या मी मेकॅनिक आणते. तोवर गिझर लावायचा नाही.”

मग वहिनीला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, “आणि त्या पाखराचं सांगते. पूर्वी कोळशाच्या खाणीत मजूर असा पक्षी सोबत नेत. हाच वायू. पक्ष्याला माणसाआधी बाधतो. मोकळ्या हवेत आणला की बरेचदा सावरतो. यात फुंकरीचा काही संबंध नाही.”

दुसऱ्या दिवशी नणंद शाळेत गेली आणि इकडे नवऱ्यानं बैठक त्याच दुपारी बोलावली. बहिणीनं घातलेला घोळ बुवांनी निस्तरावा, एवढाच त्याचा हेतू. पुन्हा जिना भरला. बुवांनी भिंतीवरचा डबा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ओढून पाहिला, निघेना.

“राहू दे,” ते म्हणाले. “खेळण्याला कोण विचारतंय? काचा लावा. गरम पाण्याची धार सोडा, मोठी! त्याला वाफ आवडते.”

“अहो, गिझर नका लावू,” वहिनी नवऱ्याला म्हणाली. “तुमच्या बहिणीनं बजावलंय. ऐका माझं. मी बोलतेय, मी!”

“बोलतोय बघा!” बुवांनी बोट दाखवलं. माणसं कुजबुजली. नवऱ्यानं मान खाली घातली, तिला दंडाला धरून आत नेलं, पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसवलं. कडी लागली.

काचेपलीकडे चेहऱ्यांवर चेहरे रचलेले. त्यातल्या निम्म्यांचे कपडे तिनं शिवले होते. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पाखरावर. पाण्याची धार वाजत राहिली. डोकं जड झालं. आपण उठून दारापर्यंत जाऊ शकू का, याचा ती विचार करत होती, पण तो विचारही पूर्ण होईना.

आणि डबा किंचाळला.

“आला!” बाहेर बुवा ओरडले. “ऐका त्याची किंकाळी! दार उघडू नका! उघडलंत तर तो तुमच्या अंगावर येईल!”

वहिनी स्टुलावरून घसरली. पायात जीव नव्हता. ती हातांवर रांगत दारापाशी आली आणि मुठीनं थापा मारू लागली. “अहो, उघडा! कडी काढा!” नवऱ्याचा हात कडीवर होता. तो तिला काचेतून दिसत होता. कडीवरच थिजला होता तो हात. “महाराज, काय करू?” तो विचारत होता.

तेव्हा सासूबाई गर्दीतून पुढं आल्या. मुलाचा हात त्यांनी झटकून टाकला.

“बाजूला हो. चाळीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर. या पोरीला पाणी मागायचं तरी ‘बाळ’ म्हणून मागायचे. ते हिला कोंडून मारतील? हे त्यांचं काम नाही!”

आणि त्यांनी खाडकन कडी काढली.

वहिनी त्यांच्या अंगावर कोसळली. “सगळे बाहेर,” ती धापा टाकत म्हणाली. “गॅस बंद करा. खाली चला, सगळे.” शेजारच्या ड्रायव्हरनं जाता जाता सिलिंडरचा नॉब फिरवला. डबा अजून ओरडतच होता. बुवा तेवढ्यात खोलीत शिरून पिंजरा उचलून आले आणि सगळ्यांच्या पुढं जिना उतरू लागले.

खाली रस्त्यावर मोकळ्या हवेत वहिनी पायरीवर बसली. पिंजऱ्यातलं पाखरू पुन्हा पंख हलवू लागलं होतं. बुवांनी सवयीनं फुंकर मारायला ओठ पुढं केले.

“राहू द्या, बुवा,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण या खेपेला तो तिचा आहे याबद्दल कुणालाच शंका आली नाही. “न फुंकताही उठतंय ते. खाणीत पक्षी पडला की माणसं बाहेर पळायची. तुम्ही पक्ष्याला बाहेर आणता आणि माणसाला आत ठेवता!”

बुवा गर्रकन वळले. “खाणीतलं तुला कुणी सांगितलं?”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं. मागच्या गल्लीतली एक बाई पुढं आली. “आमच्याकडेही गरम पाण्याची धार सोडायला लावली होती यांनी. माझा लेक आत होता.” ड्रायव्हरनं बुवांची वाट अडवली. पोलीस येईपर्यंत कुणी हलू दिलं नाही त्यांना. खाणीत काम केल्याचं पुढं त्यांनी स्वतःच कबूल केलं. घर निवडताना ते फक्त एवढंच बघत: गॅसचा गिझर, कोंदट खोली आणि घाबरलेली माणसं. बैठकीनंतर खिडक्या उघडायला लावल्या की गुण आपसूक येई, आणि खिडक्या मिटल्या की गिऱ्हाईक परत येई.

वहिनीला दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला. इकडे नणंदेनं आणलेल्या मेकॅनिकनं गॅलरीत उभं राहून वर बोट दाखवलं. गिझरचा धूर गॅलरीत सोडलेला होता. गॅलरी उघडी होती तोवर तो उडून जायचा. नंतर कधीतरी तिला काचा बसवल्या. मग धूर कोंडला, आणि गॅलरीच्या झरोक्यातून आतल्या खोलीत उतरू लागला.

“काचा केव्हा बसवल्या?” नणंदेनं विचारलं.

नवरा म्हणाला, “गेल्या थंडीच्या तोंडाला. बाबांना गारठा सोसत नव्हता म्हणून...”

डॉक्टर म्हणाले, सासरे त्या धुरानंच गेले का, हे आता वर्षानंतर खात्रीनं सांगता येणार नाही. सासूबाई त्या दिवशी लेकाजवळ बसून राहिल्या. त्याला त्यांनी एका शब्दानंही बोल लावला नाही.

वहिनी घरी आल्यावर नवऱ्यानं तिला विचारलं, “मला माफ करशील?” ती म्हणाली, “ते पुढचं पुढं. आधी पाइप दुरुस्त करा, आणि घराची एक किल्ली माझ्याकडे द्या.” त्यानं दोन्ही केलं. पाइप थेट बाहेर काढला, काचांच्या वर हवा खेळायला कायमची जाळी ठेवली, आणि झोपायच्या खोलीत दुसरा डबा बसवला. एवढ्यावर न थांबता त्यानं इमारतीतल्या सगळ्यांना जिन्यात बोलावलं आणि सर्वांदेखत सांगितलं, “भूत नव्हतं. काचा मी बसवल्या होत्या. कडीवर हातही माझाच होता. तुमच्या घरातला धूर कुठं जातो, ते आज घरी जाऊन बघा.”

वाचकहो, तुम्हीही बघा. गिझर, शेगडी, हीटर, जे जे काही जळतं त्याचा धूर घराबाहेर जातो ना? नसेल, तर आधी ते दुरुस्त करा. डबा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून पाहा. त्याची मुदत संपली की बदला. ओरडला तर काढून फेकू नका, बाहेर पळा, आणि तपासणी झाल्याशिवाय परत आत जाऊ नका. घरात कुणाचं डोकं दुखत असेल आणि बाहेर गेल्यावर थांबत असेल, तर त्याला कुणी धरलंय हे विचारत बसू नका. खोलीत काय जळतंय ते विचारा, आणि आधी दार उघडा.