दोन बरण्यांमधला पुठ्ठा

“बोलतच नाही गं ती. आपले मासे तरी तोंड उघडतात, ही तेवढंही नाही.”

सासूबाई फोनवर लेकीला सांगत होत्या आणि खुदुखुदु हसत होत्या. सून दाराआड उभी होती आणि मी तिच्या हातात होतो. दोघांनीही ऐकलं. तिने मला जरा घट्ट धरलं, इतकंच. मग पाऊल न वाजवता मागच्या खोलीत जाऊन तिने मला माझ्या जागी उभं केलं.

मी एक पुठ्ठा बोलतोय. जन्माने मिक्सरच्या खोक्याची एक बाजू. तो मिक्सर तिला लग्नात भेट मिळालेला, म्हणजे आम्ही या घरात एकाच दिवशी आलो. मिक्सरला ओट्यावर जागा मिळाली. खोकं रद्दीत जाणार होतं, पण सासऱ्यांनी कटर घेतला आणि माझं नशीब वीतभर उंचीचं कापलं. माझ्या एका अंगावर मिक्सरचं अर्धं भांडं छापलेलं आहे. दुसरं अंग कोरं.

सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आता घरी फायटर मासे वाढवतात आणि दर तीन महिन्यांनी हौशी लोकांच्या क्लबात लिलावाला नेतात. फायटरचे नर एकमेकांना दिसले की शेपट्या फाडतात, म्हणून प्रत्येकाची बरणी वेगळी आणि दोन बरण्यांमध्ये एक पुठ्ठा. आमच्या फळीवर बावीस बरण्या होत्या. मी शेवटच्या दोन बरण्यांच्या मध्ये. माझं काम एवढंच, की इकडच्याला तिकडचा दिसू नये. शेजारी दोन, आणि ओळख एकाशीही नाही!

सुनेचा नवरा बोटीवर नोकरीला. लग्नानंतर एकविसाव्या दिवशी गेला. फोन लागला तर लागला. सासरे दिवसभर बोलतात, सासूबाई त्यांच्यावर बोलतात, आणि दोघांच्या मधल्या जागेत सून चहाचा कप ठेवून मागच्या खोलीत येते. तिथे काम भरपूर. पाणी बदलायचं, किडे चाळून खाऊ घालायचे, बरण्या पुसायच्या. आधी सासरे करायचे. मग “अगं, जरा बघतेस का” म्हणाले. मग तेही म्हणायचे राहिले.

माझ्या उजवीकडची बरणी तिने स्वतः मांडली. त्यात एक पिल्लू होतं, तळाशीच लोळणारं. फायटरला श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि याला तर उठताच येईना. सासऱ्यांनी भिंगातून बघितलं. “हा काही जगत नाही. काढून टाक,” म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

तिने काढलं, पण टाकलं नाही. बरणीत दोनच बोटं पाणी ठेवलं, म्हणजे वर यायचं अंतर कमी. पाण्याच्या उंचीवर माझ्या कोऱ्या अंगावर पेन्सिलीने एक रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. आठ दिवसांनी अर्धं बोट पाणी वाढवलं. दुसरी रेघ. मग तिसरी. एका रेघेपाशी तिने लिहिलंय, “आज एकदा वर आला.” पुढच्या रेघेपाशी, “चारदा.” नंतर नुसत्याच तारखा. माणूस खुशीत असला की लिहायला विसरतो, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी ती मला पाच मिनिटं बाजूला काढायची. माशांना तेवढा व्यायाम लागतो. दोघं कल्ले फुलवून काचेवर धावून जायचे. एकदा ते बघत ती हळूच म्हणाली, “तुम्हाला भांडायला तरी कोणी आहे.” मग मला परत मध्ये उभं केलं. परत ठेवताना तिचा हात नेहमी जरा रेंगाळायचा.

लिलावाच्या सकाळी सासरे पिशव्या भरत होते. शेवटच्या बरणीपाशी आले आणि थबकले. “अरे वा! हा निळा कुठे लपला होता? सगळ्यांत देखणा हाच की!” आपण त्याला काढून टाकायला सांगितलं होतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सून रबरबँड हातात घेऊन उभी होती. तिचे ओठ हलले. मी वाट बघितली. तिने रबरबँड पुढे केला.

पिशव्यांमध्ये आडोसा हवा म्हणून मीही खोक्यात गेलो. खोकं तिच्या मांडीवर. “घरी एकटीने काय करू,” म्हणत सासूबाईही निघाल्या.

लिलाव एका शाळेच्या सभागृहात होता. बोली पुकारत होते क्लबातले एक चष्म्याचे दुकानदार, मोठ्या आवाजाचे. बोली लावणाऱ्याने आपल्या नंबराचं कार्ड वर करायचं. आणि मासा पुकारण्याआधी, तो वाढवणाऱ्याने दोन शब्द सांगायचे.

निळ्याची पिशवी वर गेली. “हं साहेब, सांगा. कसा वाढवलात?”

“त्यात काय सांगायचं?” सासरे हसले. “आमच्याकडे हे आपोआप वाढतात!”

सभागृह हसलं. बोली सुरू झाली. दोन कार्डं वर गेली, तिसरं गेलं. आणि एकदम मी खोक्यातून उचलला गेलो. वर, आणखी वर, तिच्या डोक्याच्याही वर. जन्मभर दोघांच्या मध्ये उभं राहिलेल्याला अख्खं सभागृह दिसलं.

“ताई, नंबर कुठाय? हा तर मिक्सर आहे!” दुकानदार म्हणाले. पुन्हा हशा.

“अगं, आपलाच मासा आहे तो!” सासरे कुजबुजले. “आपल्याच माशावर बोली लावतात का?”

“काय झालंय काय हिला?” सासूबाई म्हणाल्या.

तिने मला उलटं केलं. कोरी बाजू, जी आता कोरी नव्हती, सासऱ्यांसमोर धरली. मोजणी खात्यातला माणूस. रेघा दिसल्या की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला. पहिल्या तारखेवर त्यांचं बोट थांबलं आणि मग एकेक रेघ वर चढू लागलं. पुढच्या रांगेतले लोक वळून बघू लागले.

एवढ्यावर थोडा थांबतो. माझं वय झालंय. खालचा कोपरा ओलीने फुगलाय, पदर सुटलेत, कुठल्याही दिवशी रद्दीत जाईन. त्याचं दुःख नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. घरातला कुठलाही पुठ्ठा फेकण्याआधी एकदा उलटून बघा. जिला कोणी काही विचारत नाही, ती काय बोलते ते कदाचित तिथेच लिहिलेलं असेल.

तर, शेवटच्या रेघेपर्यंत सासऱ्यांचं बोट पोचलं. दुकानदारांनी पिशवी अजून वर धरलेलीच होती. आणि ती बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

“आपोआप नाही वाढला, बाबा. दोन बोटं पाण्यापासून मी वाढवलाय त्याला. हा विकायचा नाही. आणि आई, तोंड मलाही उघडता येतं. कुणी काही विचारलं तर.”