पाचव्याचा वाटा

मित्रांनो, नारीन या डोंगराळ मुलखातल्या तलाव-पहाऱ्याच्या कचेरीत खिडकीखाली एक जुनाट संगणक घरघरत बसलेला असतो. तो मी. मला सगळे वाटप्या म्हणतात. वरच्या डोंगरांतल्या बर्फ वितळून साचलेल्या तलावांवर नजर ठेवायला आणि तलाव फुटायची चिन्हं दिसताच खाली भोंगा वाजवायला माझे यंत्रभाऊ ठिकठिकाणी बसवलेले आहेत; त्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. कोणी कोणता तलाव सांभाळायचा, ते मी ठरवायचो. मी सतत हाक मारायची, त्यांनी "आहे" म्हणायचं, एवढंच आमचं बोलणं.

मला घडवलं तोलोगोन बाइकेंनी; बाइके म्हणजे आमच्याकडे दादा. मेजवानीत मेंढीचं कोणतं हाड कोणाच्या ताटात जायचं, हे सारा गाव त्यांनाच विचारायचा. त्याच रीतीने त्यांनी मला शिकवलं की जो हजर नाही त्याचा वाटा झाकून ठेवायचा, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही.

त्यांच्या हाताखालची बेगाइम मात्र तोंडाची फटकळ.

"बाइके, एखादा बोलेनासाच झाला तर त्याचा तलाव कोणी बघायचा?"

"येईल की परत! चहाला उठला असेल."

"मटण थांबतं हो, पाणी कशाला थांबेल? आणि पाचव्याच्या तलावाखालच्या उतारावर तुमच्याच थोरल्या भावाचा तंबू आहे."

"पोरी, गैरहजर माणसाचं ताट उचलणाऱ्या घरात मी वाढलो नाही. तू चहा ओत बघू."

ती हसली आणि तिने चहा ओतला. पुढे कित्येक वर्षं सगळं सुरळीत चाललं. पाहुणे येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि मी फुशारून जायचो.

मग एका उन्हाळ्यात, बर्फ वितळण्याच्या दिवसांत, पाचव्याने "आहे" म्हटलं नाही. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा पुन्हा मारली. तिसरा भाऊ रिकामा बसला होता. तो तलाव त्याला सहज पेलला असता. पण मी शिकवल्याप्रमाणे पाचव्याचा वाटा झाकून ठेवला. पडद्यावर जुनेच आकडे शांत दिसत होते, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या तलावाकडे कोणीच बघत नव्हतं.

भरदुपारी तलाव फुटला. भोंगा वाजलाच नाही. बाकीचे मेंढपाळ उंचावर होते म्हणून वाचले. बाइकेंचे भाऊ असानकुल तंबूत आडवे झाले होते. त्यांचा देहसुद्धा मिळाला नाही.

भावाच्या नावाचं जेवण आटोपून बाइके माझ्यासमोर येऊन बसले.

"बेगाइम, तो नियम तूच बदल. माझ्याच्याने होत नाही."

"बदलते, बाइके," ती एवढंच म्हणाली.

आता जो ठरल्या वेळी बोलत नाही, त्याचं काम लगेच दुसऱ्याकडे जातं. तो उशिरा जागा होऊन हुकूम सोडू लागला, तरी भोंगा त्याचं ऐकत नाही.

पाचवा चिखलात गाडला गेला. तरीही कधी कधी मला त्याचं "आहे" ऐकू येतं. तपासावं, तर तारेवर काहीच नसतं.

आता मीही झिजलो आहे. मध्येच डुलकी लागते. जागा होऊन मी हाका मारतो, कामं वाटतो, पण कोणी ओ देत नाही. नव्या नियमाप्रमाणे माझ्या जागी तिसरा वाटप करत असतो. मी आहे, आणि कोणाच्या लेखी नाही. भुतांना असंच वाटत असेल. भीती वाटते, मित्रांनो, खोटं कशाला सांगू?

तरी माझं एक मागणं आहे. जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. मी उलटं मागतो. मी बोलेनासा झालो, तर माझी वाट बघत बसू नका. माझं काम उचला. वाईट वाटलं तर नंतर वाटू द्या. आधी त्या तलावाखाली कोण झोपलं आहे ते बघा.