दुखलं तर डावा हात

दातांच्या दवाखान्यात वेळ घेताना थोरलीनं नुसतं सासरचं आडनाव सांगितलं, म्हणूनच तिला खुर्चीपर्यंत पोहोचता आलं. त्या दवाखान्यात दात तपासायचं काम डॉक्टरांचं आणि दात साफ करायचं काम तिच्या धाकट्या बहिणीचं. धाकटीनं वर्षभर तिचा फोन उचलला नव्हता. तिच्या घरी दाराशी गेलं की आतून कडी वाजायची, ती लावल्याची. आणि त्या दाराआड आई होती. थोरलीला आईला एकदा डोळे भरून बघायचं होतं, बाकी काही नको होतं. दातांचं काय, ते कुठं पळून जात नव्हते.

धाकटी हातमोजे चढवत आत आली, खुर्चीत कोण बसलंय ते पाहिलं आणि दारातच थबकली. मग काचेपलीकडं बसलेल्या डॉक्टरांकडं नजर टाकून अगदी गोड आवाजात म्हणाली, "बसा आरामात. पहिल्यांदाच करताय?"

'बसा' ऐकूनच थोरलीला कानफटात बसल्यासारखं झालं. ज्या पोरीला कडेवर घेऊन कंबर वाकडी केली, ती तिला अहोजाहो करत होती.

"छोटे, मला फक्त दोन शब्द बोलायचेत."

"दमा वगैरे आहे का? यात बारीक पावडर उडते, म्हणून विचारलं."

"नाही गं. ऐक तरी."

"रक्तदाब?"

"तुला बघितल्यापासून वाढलाय."

"मग उताण्या पडा. उतरेल."

खुर्ची मागं कलली. डोळ्यांवर चष्मा आला, डोक्याला टोपी, ओठांना व्हॅसलीन, आणि मग ओठ ताणून धरणारी एक लवचीक रबरी कड तोंडात बसली. झालं. बोलायला म्हणून आलेली बाई आ वासून पडली. देव माणसाची जीभ कुठं आणि कशी बांधून घालील, काही नेम नाही.

"दुखलं, पाणी घशात गेलं, काहीही झालं तर डावा हात वर करायचा," धाकटी मोठ्यानं म्हणाली. मग वाकून, काचेपलीकडं जाणार नाही अशा आवाजात, "हात वर करायची तुम्हाला सवय आहेच म्हणा."

वर्मी बसलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघी बहिणी तिच्या उशाशी बसल्या होत्या. थोरलीनं नोकरी सांगितली, सासू-सासरे सांगितले, अपुरी जागा सांगितली आणि हात वर केले. धाकटीनं काहीच सांगितलं नाही. ती आईचं गाठोडं बांधायला उठली.

आता धाकटीनं दातांना गर्द गुलाबी रंग फासला, पाण्यानं धुतला आणि आरसा समोर धरला. "रंग राहिला तिथं घाण. पुढचे दात बघा, चकाचक. चारचौघांत दिसतात ना. आणि हे मागचे. कुणी बघत नसेल तिथं हातच लावायचा नाही, असं ठरवलंय का?"

थोरलीच्या घशातून नुसता 'अँ' निघाला.

"बोलू नका. जीभ मधे येते."

बारीक शीळ घालत यंत्र सुरू झालं. हवा, कोमट पाणी आणि मिठाहून बारीक पावडर यांचा फवारा. खरवडणं नाही, टोचणं नाही. तोंडात लिंबाच्या गोळीसारखी चव पसरली, हिरड्यांना गुदगुल्या झाल्या आणि गालात अडकवलेली नळी सगळं पाणी सुर्रकन ओढून घेत राहिली. एकेका दाताचा गुलाबी रंग जात होता. हात हलका होता, जीभ मात्र धारदार.

"लोक यात झोपतात. तुम्हालाही लागेल झोप. तुम्हाला काय, रात्री कुणाला कुशीवर वळवायचं नसतं." नळी सरकली. "आईचे चारच दात उरलेत. कापडानं पुसते मी. काल चावली. या मोज्याखाली पट्टी आहे, दाखवू?"

मागच्या सुजलेल्या हिरडीवर फवारा आला आणि टाळूपर्यंत कळ गेली. थोरलीनं खुर्चीचे दांडे आवळले. जीव गेला तरी हात वर करायचा नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"आई मजेत आहे," धाकटी म्हणाली. "कुणाची आठवण काढत नाही."

डावा हात आपोआप वर गेला.

शीळ थांबली. "केलाच शेवटी," म्हणत धाकटीनं कड काढली. थोरली वळून गुलाबी पाणी थुंकली. "खोटं बोलतेस. माझी आठवण काढत नाही ती?"

धाकटीनं मास्क खाली ओढला. गोड आवाज गेला, अहोजाहो गेलं. "कशाला काढेल? तू तिथंच आहेस की. सकाळी उठवते ती ठकू, न्हाऊ घालते ती ठकू, भरवते ती ठकू. आई मला ठकू म्हणते."

ठकू हे थोरलीचं घरातलं नाव. त्या नावानं हाक मारणारं आईशिवाय आता कुणी उरलं नव्हतं.

"तू सांगत नाहीस, मी छोटी म्हणून?"

"सांगितलं. तर म्हणते, छोटी कुठली, ती मेली निर्दयी, एकदा फिरकली नाही. तुझ्या वाट्याच्या शिव्या मी खाते आणि माझ्या कष्टाचे आशीर्वाद तुला जातात. आता तू दारात उभी राहिलीस आणि तिनं तुला ओळखलं, तर मी कोण? न फिरकलेली. मला तिनं ठकू म्हणूनच ठेवलंय."

डॉक्टर आत आले म्हणून मास्क वर गेला. त्यांनी आरसा फिरवून दात पाहिले. "छान. दोन-तीन तास चहा, कॉफी, रंग धरेल असं काही नको. जरा झणझणतील. फटी पडल्यासारखं वाटेल, पण फटी होत्याच, बुजलेल्या होत्या इतकंच. काही तक्रार?"

धाकटीचा नळी गुंडाळणारा हात थांबला. थोरलीच्या एका शब्दावर तिची नोकरी लटकली होती, हे दोघींनाही कळत होतं.

"काही नाही," थोरली म्हणाली.

डॉक्टर गेले. धाकटीनं आभार मानले नाहीत. पाठमोरी होऊन ती ट्रे पुसत राहिली, पुसलेलाच पुन्हा पुसला, आणि तशीच बोलली.

"रविवारी ये. पण ठकू म्हणून नाही. तेल लावायला नवी बाई येणार, असं सांगून ठेवते. तिनं नाव विचारलं तर दुसरं काहीतरी सांगायचं."

थोरलीनं जीभ दातांवरून फिरवली. काचेसारखे गुळगुळीत लागले, परक्याचे असावेत तसे.

"ती मला काय म्हणेल?"

"बाई म्हणेल. हात वाकडा लागला तर शिवी देईल."

"आणि तुला माझ्यासमोर ठकू म्हणेल."

"म्हणेल. ऐकायचं."

थोरली उतरली, चपला शोधल्या. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.

"किती वाजता येऊ?"

"जेवणं झाल्यावर," धाकटी म्हणाली. "आणि रडायचं नाही. कामाला आलेल्या बायका रडत नाहीत."