बाबांचा नंबर

माझे सासरे माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघेनासे झाले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. बघायचे, पण माझ्या कानामागे दुसरंच कुणीतरी उभं असावं आणि मी उगाच मध्ये आलेली असावी, तसे. नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवत असतो, एवढी अक्कल मला होती. काय लपवतोय, हे शोधायची खोड तर जन्मापासूनची आहे. माझी आई म्हणायची, हिला सुखाने झोप लागते ती दुसऱ्याचं बिंग फुटल्यावरच.

आमचं दुकान चष्म्याचं. पुढे काउंटर, तिथे मी फ्रेम दाखवते आणि लोकांना आरशात बघून खोटं बोलते. मागे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि तिच्याही मागे काचा घासायची खोली. त्या खोलीत बाबांचं राज्य. माझा नवरा या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी. केस पिकायला लागले, तरी त्याने तपासलेलं प्रत्येक गिऱ्हाईक बाबा पुन्हा खुर्चीत बसवतात. 'खात्री केलेली बरी,' म्हणतात, आणि हा बाजूला टॉर्च धरून उभा राहतो.

तर बाबांचं काहीतरी चाललं होतं. काचांच्या खोलीला आतून कडी लागायला लागली. मला झाडायलासुद्धा आत घेईनात. सकाळचा पेपर हातात धरायचे, पण पान उलटायचे नाहीत. नणंदेचा फोन आला की आवाज खाली जायचा, आणि मी चहा घेऊन गेले की एकदम हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. मी काय ते समजले. दुकान मुलीच्या नावावर करायचं घाटतंय.

एकदा मी नुसता काचांचा एक ड्रॉवर सरकवला, तर म्हातारा मागून कडाडला.

"माझ्या ड्रॉवरला हात लावायचा नाही. जिथलं तिथे राहिलं पाहिजे."

"पुसत होते, बाबा."

"काय पुसतेस ते कळतं मला. तुझा डोळा या दुकानावर आहे, सूनबाई."

चोराच्या मनात चांदणं, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. ते बोलले माझ्याशी, पण बघत होते शेजारच्या खुंटीकडे.

मग शाळेतल्या बाई चष्मा परत घेऊन आल्या. जिना उतरताना पायऱ्या तिरक्या दिसतात म्हणाल्या. नवऱ्याने चष्मा आत नेला, बराच वेळ घेतला आणि बाहेर येऊन म्हणाला, "माझीच गडबड झाली. डावी काच उजवीकडे गेली." त्याचे कान लाल झाले होते. माझा नवरा खोटं बोलला की त्याचे कान बोंब मारतात. त्या चष्म्याचा ट्रे मी स्वतः बाबांच्या हातात दिला होता. बाबांची चूक हा स्वतःच्या अंगावर का घेतोय? म्हणजे आता मला दोघांचा संशय यायला लागला.

तेवढ्यात आला बसवाला. शाळेची बस चालवतो. आडदांड माणूस, पण खुर्चीत बसला की पोरासारखा हात मांडीवर ठेवतो. नवा चष्मा लावल्याशिवाय बस हातात देणार नाही, असं त्याला शाळेने बजावलं होतं. बाबा म्हणाले, "याच्या बापाचा चष्मा मी केला. याचाही मीच करणार. कुणी मध्ये यायचं नाही." सोमवारी सकाळी घेऊन जा म्हणाले. बसवाला खूश होऊन गेला. ट्रेमधला त्याच्या नंबराचा कागद बाबांनी हातात घेतला, नाकाशी नेला, मग डोक्याच्या एका बाजूला धरला आणि तसाच परत ठेवून दिला. ते मी बघितलं.

घरी जेवताना मी नवऱ्याला सरळ विचारलं. बाबा जेवून आत गेले होते.

"बाबांना दिसत नाही ना?"

"काहीतरीच. घारीची नजर आहे त्यांची."

"मग तपास."

"मी? बाबांना?" जणू बापाच्या मुस्कटात मार म्हटलं होतं मी.

"त्या बसमध्ये लोकांची पोरं बसतात. त्यांचा जीव घ्यायचाय का?"

तो भात कालवत बसला. पण दुसऱ्या दिवशी दुकानात घसा खाकरत विषय काढला त्याने. वर्षातून एकदा आपण सगळ्यांनीच तपासून घ्यावं वगैरे. बाबा हसले. "कर की. हातच्या कंकणाला आरसा कशाला?" म्हणाले. इथे मी खरी सावध झाले. या माणसाला उकडतंय म्हटलं तर तो स्वेटर मागेल. तो एका शब्दात हो म्हणतोय?

आणि मग माझी ट्यूब पेटली. अंधाऱ्या खोलीतला आकड्यांचा तक्ता माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. बाबांनी आयुष्यभर त्याच्यासमोर उभं राहून लोकांकडून तो वाचून घेतलाय. त्यांना तो वाचायला सांगणं म्हणजे मास्तरला पाढे विचारणं. त्यांना झोपेतून उठवलं तरी वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवतील. म्हणून दुपारी ते डुलकी घेत असताना मी दिव्याच्या पेटीतला तक्ता काढला आणि कपाटात पडलेला दुसरा लावला. आकडे सगळे वेगळे. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले. मी दाराआड फ्रेमचा ट्रे घेऊन उभी. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. डोळे तपासताना गिऱ्हाइकाला 'चूक' म्हणायचं नसतं. चूक म्हटलं की माणूस बिचकतो, मग दिसतंय ते सांगत नाही, अंदाज मारतो. तो काय वाट्टेल ते वाचो, आपण शांतपणे 'पुढचं' म्हणायचं. हे बाबांनीच माझ्या नवऱ्याला शिकवलंय.

बाबांनी सुरुवात केली. सगळ्यात वरचा, भिंतीएवढा मोठा आकडा. "पाच."

तिथे दोन होता.

आत काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग नवऱ्याचा आवाज आला, "पुढचं."

बाबा खाली खाली गेले. न अडखळता, एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखे. एकही आकडा बरोबर नव्हता. आणि दर ओळीला माझा नवरा 'पुढचं', 'पुढचं' म्हणत राहिला. आता शेवटी तरी सांगेल, म्हणून मी कान लावून उभी. तर हा म्हणतो, "छान आहे बाबा. नजर उत्तम."

मी ट्रे खाली ठेवला. मी त्याला बखोटीला धरून दुकानामागच्या गल्लीत नेलं.

"तक्ता तू बदललास?" त्याने विचारलं.

"हो. आणि तू काय केलंस?"

"काय करणार होतो? चूक म्हणू? बाबांना?"

"बसवाल्याच्या चष्म्याचं काय?"

"ते बघतो मी. ते गेले की काचा तपासून बदलेन. इतके दिवस करतोच आहे की."

बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले. मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणजे याला सगळं माहीत होतं. रोज बाबा घरी गेले की 'हिशोब आवरतो' म्हणून हा मागे थांबायचा, तो बापाने केलेला प्रत्येक चष्मा उसवून परत शिवायला. आणि मी मूर्खासारखी दोघांच्या मागे हेरगिरी करत हिंडत होते.

"आणि शाळेतल्या बाईंचा?"

"त्या दिवशी मला ताप होता."

"मग बसवाल्याच्या दिवशी ताप आला तर?"

मला त्याचा इतका राग आला, आणि तेवढीच कीव. बापाची सेवा म्हणतात ती हीच का, कळेना. हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा, की खड्डा आहे हे न सांगता मागून खड्डे बुजवत जायचं?

मी थेट काचांच्या खोलीत गेले. कडी नव्हती. बाबा स्टुलावर बसले होते.

"तक्ता तू बदललास," मी बोलायच्या आत तेच म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या आवाजावरून. पहिल्याच आकड्याला थबकला. कुणी चुकलं की त्याचा आवाज कसा पडतो, ते मला कळणार नाही? मीच शिकवलंय त्याला." ते माझ्या खांद्याकडे बघत होते. "मधोमध डाग आहे, सूनबाई. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर तू दिसत नाहीस, खांद्याकडे बघितलं तर जरा दिसतेस."

इतके दिवस मी ज्याला लबाडी समजत होते, ते हे होतं. मला लाज वाटली, पण राग गेला नाही.

"कळलं होतं तर मग पुढे कशाला वाचत बसलात?"

"वाट बघत होतो. तो म्हणेल, बाबा, चूक. मग ठेवलं असतं खाली सगळं. स्वतःहून कोण ठेवतो गं? ताईला फोनवर सांगितलं, ती म्हणते डॉक्टरकडे चल. तिला म्हटलं, आधी मला घरातलं कुणी विचारू दे." त्यांनी काच पुसायचं फडकं घडी घालून गुडघ्यावर ठेवलं. "तर हा म्हणतो, उत्तम. का म्हणतो असं? मी एखादी मोठी चूक करावी, चार लोकांसमोर तोंडघशी पडावं, याची वाट बघतोय का? तसं असेल तर तसं सांग."

बघा. मी त्यांच्यावर संशय घेत होते, ते पोटच्या पोरावर. घर म्हणायचं का पोलीस चौकी.

"तो घाबरतो तुम्हाला," मी म्हणाले.

"मला? मी कधी हात उगारलाय त्याच्यावर?"

"हात कशाला उगारायला लागतो, बाबा?"

मी तिथून निघाले.

सोमवारी सकाळी शटर अर्धंच वर होतं. बाबा आले ते तडक अंधाऱ्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि मुलाला हाक मारली.

"तपास मला. हिने लावलाय त्याच तक्त्यावर."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दिवा लावला आणि दाराशी उभी राहिले. या वेळी आड नाही.

"पाच," बाबा म्हणाले.

नवऱ्याचे ओठ हलले. बाबांनी हात वर केला.

"पुढचं म्हणालास, तर बसवाल्याचा चष्मा मी माझ्या हाताने त्याच्या नाकावर चढवीन. आणि सांगीन, माझ्या मुलाने मला पास केलंय."

मला वाटलं, हा आता पळून जाईल.

"चूक," नवरा म्हणाला. इतक्या हळू, की मलाही जेमतेम ऐकू आलं. मग घसा साफ करून, "दोन आहे तो. त्या दिवशीच्या सगळ्या ओळी चूक होत्या. एकही आकडा बरोबर नव्हता."

"बरं," बाबा म्हणाले.

सुटलो, असं वाटून मी दिवा बंद करायला पुढे झाले. पण नवरा जागचा हलला नाही.

"आणि मी तपासलेला माणूस तुम्ही परत तपासता, तीही चूक आहे. त्या माणसासमोर. मला टॉर्च धरायला लावून. अजूनही."

"अजून?" बाबांनी विचारलं.

"मला नकाशे काढायचं शिकायचं होतं. माझा नंबर लागला होता. तुम्ही म्हणालात, भिंतीवर कागद लावून पोट भरत नाही. मी मान डोलावली. ती चूक होती."

"अजून?"

माझ्या नवऱ्याचा आवाज मी इतकी वर्षं ऐकत आलेय. हा आवाज मी ओळखत नव्हते. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

"आई," तो म्हणाला. "त्या शेवटच्या रात्री तिला धाप लागली होती. तुम्ही म्हणालात, जिना चढून आलीय, पडू दे जरा, सकाळी बघू. तिचे ओठ काळे पडले होते. मला दिसत होतं, बाबा. मला तेव्हाच दिसत होतं. मी चूक म्हणायला हवं होतं, आणि मी तिच्या उशाशी पाणी ठेवून झोपायला गेलो."

या वेळी बाबांनी 'अजून' विचारलं नाही. त्यांचा हात मागे गेला, चाचपडत, आणि खुर्चीच्या पाठीवरचा मुलाचा हात त्याला सापडला.

"तू बोलला असतास," ते म्हणाले, "तरी मी ऐकलं नसतं."

बाहेर शटर वाजलं. बसवाला आला होता. चष्मा नव्याने करायचाय, उद्या या, तोवर बसला हात लावू नका, हे त्याला सांगायला मी निघाले. जाताना खोलीचं दार मागे ओढून घेतलं, घट्ट. आत आता दोघं काय बोलतात ते ऐकावं, असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही.