शिरेतला शेवटचा थर

मित्रांनो, समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर मुठीएवढा पांढरा-करडा दगड आहे, तो मी. माझे वय विचारू नका. तुमच्या अंकांना ते पेलणार नाही. माझ्या अंगावर मोहरीएवढे सोने आहे आणि एका कडेला पोलादी रंगाचा पट्टा आहे. येणारे-जाणारे सोने पाहतात. मला सांगायचे आहे ते त्या पट्ट्याविषयी.

माझा जन्म एका जखमेत झाला. पृथ्वीच्या पोटात, कित्येक कोस खोल, तापलेले पाणी कोंडून पडले होते. वरच्या खडकाच्या भारामुळे त्याला उकळण्याचीही मुभा नव्हती. त्या पाण्यात गारगोटीचे द्रव्य विरघळलेले होते, आणि गंधकाचा हात धरून थोडेसे सोनेही. दाब असह्य झाला की धरणीकंप होई आणि खडक उभा चिरत जाई. चिरेतून पाणी उसळून चढे, दाब एका क्षणात उतरे, आणि ज्या बळावर सारे विरघळून राहिले होते ते बळच सरल्यामुळे पाणी आपले ओझे तेथेच टाकून देई. गारगोटी भिंतींना चिकटे, सोन्याचे कण तिच्यात अडकत, चीर मिटे. मग पुन्हा दाब, पुन्हा कंप, पुन्हा तीच चीर. असे शेकडो वेळा घडले. माझ्या अंगावरच्या बारीक रेषा म्हणजे त्या मिटलेल्या जखमाच होत.

फार पुढे, पाणी निवत आले तेव्हा, त्याने शेवटचा थर आणला. तो अँटिमनीच्या खनिजाचा. जुनी माणसे त्याला सुरमा म्हणत. दिसायला पोलाद, पण इतका मऊ की नखाने ओरखडावा. मी आणि वरचा काळा खडक यांच्यामध्ये तो निसरड्या कापडासारखा पसरला. मी खडकाला घट्ट धरून आहे असे पाहणाऱ्याला वाटे. माझ्या हातात त्या थराखेरीज काहीही नव्हते.

युगे लोटली आणि माणसे खणत माझ्याखाली आली. त्यांत दोघे सख्खे भाऊ होते. थोरल्याला सारी खाण कानसेन म्हणे. कामाला लागण्यापूर्वी तो छतावर पहारीचे तीन ठोके मारी आणि मान तिरकी करून ऐके. आवाज बद्द आला तर लाकडी टेकू लावायचा. खणखणीत आला तर थेट कामाला लागायचे, हा तेथला रिवाज. बत्तीस वर्षे त्याचा कान चुकला नव्हता. परंतु ठोक्याला हातभर खोलीपर्यंतचेच कळते, आणि मी दोन हात जाड होतो.

त्या सकाळी त्याने ठोके मारले आणि मी घंटेसारखा वाजलो. धाकट्याने मात्र माझ्या कडेच्या फटीत बोट फिरवले. बोट काळे झाले.

"दादा, इथं सुरमा लागतोय हाताला. टेकू लावू या."

थोरला हसून म्हणाला, घरी ने, बायकोच्या डोळ्यांत घाल. खडक गातो आहे आणि तू त्याला काठी देतोस होय!

"गाऊ दे की. तू लांबून ऐकणार, खाली काम मी करणार."

हे थोरल्याला लागले. पहार भिंतीला टेकवून तो एवढेच म्हणाला, "मग माझा कान आता काय, चष्मा अडकवायला?"

धाकट्याने त्याच्याकडे पाहिले. हातातला टेकू त्याने हळूच खाली ठेवला. टेकू लावायला अर्धा तास लागला असता. भावाचा मान राखायला एक क्षण पुरला. थोरला पाण्याची नळी आणायला दहा पावले मागे गेला, आणि माझ्या पाठीमागचा तो थर सरकला. खाली धाकटा होता. मित्रांनो, दगडाला स्वतःला सावरता येत नाही.

माझे बहुतेक अंग सोन्यासाठी खाणीच्या चक्कीत दळले गेले. हा एक तुकडा थोरल्याने उचलला आणि तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात गुंडाळून धाकट्याच्या घरी आणला. भावजयीने मला हातात घेतले नाही. ओले हात पदराला पुसत ती समोर बसली. मी टेबलावर, दोघांच्या मध्ये होतो.

"भाऊजी, एकच विचारते. यांनी टेकू मागितला होता का?"

थोरल्याने माझ्याखालचे वर्तमानपत्र सारखे केले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले.

"नाही," तो म्हणाला. "मीच म्हटलं, लाव. तर म्हणाला, दादा, तू ऐकलंयस ना, मग कशाला."

तिने मान डोलावली. त्याला चहा करून दिला. तो चहा त्याने संपवला, आणि त्यानंतर या उंबरठ्याच्या आत तो कधीही आला नाही.

चौकशीच्या कागदांत तेच उतरले: मृताची बेपर्वाई. त्यामुळे चूक रिवाजाची ठरली नाही, आणि सुरम्याच्या शिरेखाली माणसे आजही तीन ठोके मारून आत शिरतात. गेल्या महिन्यात धाकट्याच्या मुलीने शाळेसाठी वडिलांवर निबंध लिहिला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला. 'माझे बाबा प्रेमळ होते, पण स्वतःची काळजी घेत नसत. मी तशी होणार नाही.' आईने ऐकले आणि छान लिहिलेस म्हणाली. खरे काय ते या घरात फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नाही.

तेव्हा मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. सोन्याचा कण हवा तर खरवडून न्या. शेजारच्याने टेकू मागितला तर आपला मान बाजूला ठेवून तो द्या. आणि दिला नसेल, तर त्याने तो मागितला होता, एवढे तरी त्याच्या माणसांना सांगा.