बिनकागदाचा माणूस

चांगदेवला संशय यायला फार काही लागत नसे. दूधवाला हसून बोलला तरी तो भांड्यात डोकावून बघायचा. बेलापुरात सरकारी हापिसात शिपाई म्हणून जन्म काढलेला माणूस, इकडची फाइल तिकडे नेता नेता त्याने एक गोष्ट पक्की डोक्यात बसवली होती. जे खरं असतं त्याचा कागद असतो, आणि ज्याचा कागद नाही त्यात काहीतरी काळंबेरं असतं. आणि आता दैवाने असा सूड उगवला होता की त्याच्या स्वतःच्याच घराचा कागद पुरत नव्हता.

भानगड एका दगडाची होती. खाडीकडच्या त्यांच्या गावाची हद्द जिथे संपायची तिथे, चांगदेवच्या घरापुढे, पिढ्यान्‌पिढ्या एक दगड उभा होता. शिवंचा दगड. दगडाच्या अलीकडे गाव, पलीकडे सरकारी जमीन. नकाशात हद्दीची रेघ होती, पण जमिनीवर ती रेघ त्या दगडापासून सुरू व्हायची. दोन वर्षांपूर्वी गटाराचं काम निघालं, जेसीबी आला आणि दगड गेला. कुठे गेला, कुणी नेला, कुणाला पत्ता नाही. मग मोजणी झाली ती गटारापासून, आणि रेघ सरकत सरकत थेट चांगदेवच्या माजघरात आली. अर्धं घर हद्दीबाहेर, म्हणजे बेकायदेशीर, म्हणजे पाडायचं. नोटीस दारावर चिकटवून गेले.

सोमवारी शेवटची सुनावणी होती. वकीलबाई सुनयना मॅडम यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "काका, दगड घराच्या पुढे होता याचा एक तरी पुरावा आणा. तोंडी साक्षी नकोत. गावातल्या म्हाताऱ्यांचं सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मागच्या तारखेला ऐकूनसुद्धा घेतलं नाही." चांगदेव आणि त्याची बायको चंद्राबाई यांनी घरातले सगळे अल्बम पालथे घातले. लग्नाचे फोटो, हळदीचे फोटो, बारशाचे फोटो. प्रत्येक फोटोत दारापुढे मांडवाचं लाल-पिवळं कापड, आणि कापडाच्या आड दगड. नुसत्या दगडाचा फोटो कोण काढणार?

बरं, हे घर पडावं असं वाटणारा माणूस बाहेर मोकळा फिरत होता. घरामागच्या जागेवर कुंदन शेठला टॉवर उठवायचा होता आणि टॉवरला रस्ता हवा होता. रस्ता चांगदेवच्या माजघरातून सरळ जात होता. शेठची माणसं गावात येऊन गोड बोलून काय काय विचारून जात. तेव्हापासून चांगदेव अनोळखी चपलांचा आवाज आला तरी ओट्यावर येऊन बसायचा.

त्या रविवारी सकाळी तो तसाच बसला होता, आणि समोरून तो माणूस आला.

चाळिशीचा, टोपी घातलेला, पाठीला सॅक. हातात एक काळा जाड डबा, तळहातात मावेल एवढा, त्याला छोटा पडदा आणि एक काडी. मोबाइल नव्हे, मोबाइल तर त्याच्या खिशातून डोकावत होता. गटाराच्या कडेने तो डब्याकडे बघत चालला, थांबला, दोन पावलं मागे आला, पुन्हा पुढे गेला. काडीने पडद्यावर काहीतरी टोचलं. मग चक्क उकिडवा बसला आणि गटारावरची सैल फरशी उचलून आत बघायला लागला.

"पॉइंट तर इथंच पडतोय," तो स्वतःशीच म्हणाला.

चांगदेव ओट्यावरून उठून उभा राहिला. पॉइंट! त्या गावात पॉइंट या शब्दाला एकच अर्थ होता. मोजणीवाले यायचे, पॉइंट टाकायचे, आणि पॉइंट पडला की मागून बुलडोझर यायचा. पण मोजणीवाल्यांकडे निदान नकाशा असतो, टेप असते, सह्या घ्यायचा तक्ता असतो. याच्या हातात कागदाचा कपटा नव्हता. म्हणजे हा सरकारी नाही. म्हणजे शेठचा.

"चंद्रे, बाहेर ये," त्याने आत हाक मारली, "आला बघ एक."

चंद्राबाई बोंबील साफ करत होती, ती हात पुसत बाहेर आली. "मानूस हाय, वाघ नाय. विचार काय पायजे ते," ती म्हणाली. पण चांगदेव विचारणाऱ्यातला नव्हता, तो पकडणाऱ्यातला होता. तो सरळ जाऊन त्या माणसाच्या पाठीमागे उभा राहिला.

"काय हरवलंय का?"

माणूस दचकला. डबा पटकन पाठीमागे धरला, आणि तिथेच तो फसला. "नाही, काही नाही. असंच फिरायला आलोय. पक्षी बघतो मी."

"गटारात?"

माणसाचं तोंड लाल झालं. एव्हाना शेजारचे चार-पाच जण लुंग्या सावरत जमले होते. कुणीतरी म्हणालं, दुर्बीण कुठाय याची? कुणी म्हणालं, सॅक बघा आधी. माणसाने हात वर केले.

"सांगतो, सांगतो. माझं नाव केयूर. खारघरला राहतो. हा एक खेळ आहे. जगभर लोक खेळतात. कुठेतरी एक डबी लपवायची आणि त्या जागेचे आकडे नेटवर टाकायचे. बाकीचे लोक आकडे घेऊन शोधत येतात, डबीतल्या चिठ्ठीवर सही करतात आणि डबी परत ठेवतात. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांना सांगायचं नाही असा नियम आहे, म्हणून मघाशी खोटं बोललो. इथली डबी मीच लपवली होती. सापडत नाही अशा तक्रारी आल्या, म्हणून बघायला आलो."

"डबीत काय होतं?"

"एक प्लास्टिकचा बेडूक. शिट्टी. पेन्सिल."

लोक हसले. चांगदेव हसला नाही. एवढा शिकला-सवरलेला माणूस सुट्टीच्या दिवशी खारघरहून गटारात बेडूक शोधायला येतो, हे कोण मानणार? खोटंसुद्धा नीट रचून आणलं नव्हतं, याचाच त्याला जास्त राग आला. आपल्याला अगदीच येडा समजतो म्हणजे.

"आनि हे काय हाय?" त्याने डब्याकडे बोट केलं.

"छोटा कंप्युटर आहे. जुना आहे, पण चालतो. पूर्वी आम्ही प्रत्येक जागेची माहिती छापून न्यायचो, हातात कागदांचा गठ्ठा असायचा. वाऱ्याने उडायचे, घामाने भिजायचे. आता सगळं यातच. कागद लागतच नाही."

"कागद लागतच नाय," चांगदेव सावकाश म्हणाला. तीस वर्षं फायली वाहिलेल्या माणसाला याहून वाईट वाक्य ऐकवता आलं नसतं. "म्हंजे मागं काय पुरावाच राहायचा नाय. आनि आमच्या गावचं काय काय हाय यात?"

"जागेची नोंद. आणि एक-दोन फोटो."

"कोनाला दाखवले?"

"कुणालाच नाही. ते दाखवायचे नसतातच."

संपलं. चांगदेवला वाटलं, आता आणखी काय कबूल करायचं राहिलं? चोरून पॉइंट टाकले, चोरून फोटो काढले, आणि उद्या सोमवार. उद्या शेठचा वकील हेच साहेबांपुढे ठेवणार.

"दाखव," तो म्हणाला.

केयूरने काडीने दोन-तीनदा टोचलं आणि डबा पुढे धरला. चांगदेवचा चष्मा घरात राहिला होता. वर ऊन रणरणत होतं. किलकिल्या डोळ्यांनी त्याला पडद्यावर एक धुरकट चौकोन दिसला, आणि चौकोनात एक उतरतं छप्पर. त्याचं छप्पर. ते तो आंधळा झाला असता तरी त्याने ओळखलं असतं.

"माझं घर हाय ह्यात," तो सगळ्यांना म्हणाला. मग केयूरकडे वळला. "पूस. आत्ताच्या आत्ता पूस. सगळं."

"अहो काका, पण ऐका तर..."

"पूस म्हनतो ना."

"आधी नीट बघ तरी काय हाय ते," चंद्राबाई ओट्यावरून म्हणाली. "मी चष्मा आनते."

पण जमलेली माणसं आता हसत नव्हती. एकाने सॅकचा पट्टा धरला होता. केयूरने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, मान हलवली आणि काडी टोचली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, खाली दोन चौकटी. शिपाई असला तरी येस आणि नो चांगदेवला वाचता येत होतं.

"थांब," तो म्हणाला. "तू नको. तू फसवशील. इकडं आन." आणि त्याने आपल्या जाड अंगठ्याने येसची चौकट दाबली. चौकोन गेला, छप्पर गेलं, पडदा कोरा झाला.

"परत तर नाय ना येनार?"

"नाही," केयूर म्हणाला. "हे जुनं मशीन आहे. गेलं ते गेलं."

चांगदेवचा जीव भांड्यात पडला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याने कुणालातरी हरवलं होतं. लोकांनी सॅकचा पट्टा सोडला, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. चंद्राबाई चष्मा आणि पाण्याचा तांब्या दोन्ही घेऊन आली. चष्मा नवऱ्याला दिला, तांब्या पाहुण्याला. शेवटी दारातला माणूस होता, आणि उन्हाने नाहीतर भीतीने त्याचे ओठ सुकले होते.

केयूर पाणी प्यायला. तांब्या परत देताना जरा कडवटपणे म्हणाला, "तसाही त्या फोटोचा आता उपयोग नव्हता. ज्या दगडामागे मी डबी ठेवली होती, तो दगडच इथे राहिला नाही. मघापासून तोच तर शोधत होतो."



"कंचा दगड?" चंद्राबाईने विचारलं.

"इथे होता ना एक. गुडघ्याएवढा. चुना लावलेला, वर शेंदराचे पट्टे. आठेक वर्षं झाली असतील मी डबी ठेवली त्याला. पुढच्या वेळी जागा लक्षात राहावी म्हणून रस्त्यावरून फोटो काढला होता. पुढे दगड, मागे तुमचं घर."

"दुसरीकडं कुठं हाय का तो फोटो?" तिने विचारलं. "नेटवर? मोबाइलमंदी?"

"नाही हो. नेटवर टाकला असता तर लपवलेली जागाच उघडी पडली असती. तिथे नुसते आकडे आहेत, आणि त्यात दहा-बारा फुटांचा फरक येतोच."

दहा-बारा फूट. तेवढ्यातच तर अख्खा पुढचा सोपा आणि माजघर बसत होतं. शेजारी एकेक करून मागे सरकले. चांगदेवने आता चष्मा चढवला होता. काचांमागून तो केयूरच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. हापिसात कोण रजेचा खोटा अर्ज घेऊन आलंय हे त्याला लांबून कळायचं. डोळा कुठे हलतो, जीभ कुठे अडखळते, ते तो शोधू लागला.

"दार कंच्या रंगाचं होतं?" त्याने विचारलं. "त्या फोटोतलं."

केयूरने घराकडे पाहिलं. आता तिथे लोखंडी शटरचं दार होतं. "हे नव्हतं," तो म्हणाला. "लाकडाचं होतं, निळं. त्याच्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगात होडी काढली होती. वाकडीतिकडी. शीड उलट्या बाजूला."

चंद्राबाई मटकन ओट्यावर बसली. ती होडी त्यांच्या लेकाने, हितेशने, काढली होती, शाळेत असताना.

चांगदेव पुढे झाला आणि त्याने केयूरचा हात धरला, डबा होता तोच हात.

"तुमी खोटं बोलताय," तो म्हणाला. "शेठनं पाठवलंय तुमाला. होय का नाय? होय म्हना. दादा, एकदा होय म्हना."