पेंढा खाणारी झोपाळू टाकी

मित्रांनो, मी एक जुनी गोबरगॅसची टाकी आहे. गोठ्यामागे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली, पोटाने मोठी आणि स्वभावाने झोपाळू. मला बांधून झाल्यावर गवंडी घुमटावर थाप मारून मालकांना म्हणाला होता, "हिला वेळेवर खाऊ घाला, बाकी काही मागायची नाही."

माझं खाणं म्हणजे गाईंच्या अंगाखाली अंथरलेला पेंढा. रात्रभर गाई त्यावर लोळणार, सकाळी तो शेणामुतासकट कापून, पाण्यात कालवून माझ्या तोंडात. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं बिऱ्हाड आहे. ते पेंढा चघळतात, बुडबुडे सोडतात आणि त्या उबेत मी डुलक्या घेते. डुलकीत मला गव्हाचं शेत दिसतं, वाऱ्यावर हलणारं. बुडबुड्यांचा गॅस नळीतून स्वयंपाकघरात जातो आणि शेगडीत निळा होऊन जळतो.

मग मालकांची सून घरात आली. तिला स्वच्छतेची भारी हौस. एकदा तिने गोठा फिनेलने असा लख्ख धुतला की मालकांनीही तोंडभरून कौतुक केलं. फिनेलने भिजलेला पेंढा मात्र सवयीप्रमाणे माझ्याच पोटात आला. बिऱ्हाड हळूहळू गप्प झालं. शेगडी विझली. माझी स्वप्नंही थांबली. खरं सांगते, मी घाबरले.

आठवडाभर वाट पाहून मालक म्हणाले, "म्हातारी झाली ही. माती टाकून बुजवून टाकू."

सून माझ्या तोंडाशी वाकून वास घेत होती. ती म्हणाली, "बाबा, फिनेल मी ओतलं होतं. तिचं काय चुकलं? मला महिनाभराची मुदत द्या."

"महिनाभर चुलीचा धूर खाशील?"

"खाईन."

आणि तिने खाल्ला. डोळे चोळत चुलीवर रांधायची. माझं पोट तिने बाहेरूनच बादलीने उपसलं, शेजाऱ्यांच्या चालू टाकीतला, तसल्याच जिवांनी भरलेला काला आणून ओतला. मग आजाऱ्याला भरवावं तसा रोज थोडाच पेंढा, अगदी बारीक कापून. दुपारी घुमटाला कान लावून बसायची. "अगं, बोल की काहीतरी," म्हणायची. मला बोलावंसं फार वाटे, पण अंगात त्राण नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी एक बुडबुडा फुटला. मग दुसरा. मी पुन्हा पेंगू लागले. संध्याकाळी शेगडीत निळी ज्योत थरथरली. मालकांनी ती पाहिली. मग मला बुजवायला काढलेलं फावडं भिंतीला टेकवून म्हणाले, "चहा टाक."

मित्रांनो, मला फिनेल पाजू नका, हे तर आहेच. पण तुमच्या आसपास कुणी अचानक गप्प झालं, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. आधी जवळ बसा, आणि त्याच्या पोटात काय गेलंय ते विचारा.